कार्ब्युरेटरचे बलुतेदार

जुन्या मोटारसायकलचा कार्ब्युरेटर जुळवायला कंपनीने जी हत्यारं सांगितलेली असतात, ती कोणाकडेच नसतात. म्हणजे असतात, पण ज्यांच्याकडे असतात त्यांच्याकडे मोटारसायकल नसते. ती त्यांनी केव्हाच विकलेली असते. हत्यारं तेवढी आठवण म्हणून लोखंडी पेटीत ठेवलेली असतात, आणि आठवण कोणी उसनी देत नाही.

कंपनीच्या सर्व्हिस मॅन्युअलात मात्र सगळं कसं सोपं असतं. ‘येथे विशेष हत्यार वापरावे’ असं लिहून पुढे त्या हत्याराचा लांबलचक नंबर दिलेला असतो. शेजारच्या चित्रात एक हात असतो. त्याच्या नखांत काळं नसतं, बाहीची इस्त्री मोडलेली नसते आणि स्क्रू पहिल्या झटक्यात निघालेला असतो. आमच्या ओळखीत तरी असा हात नाही.

नव्या गाड्यांना ही भानगडच नाही. १ एप्रिल २०२० पासून बीएस-सिक्स आलं आणि बहुतेक दुचाक्यांमधून कार्ब्युरेटर गेला, इंजेक्शन आलं. आता सर्व्हिस सेंटरातला मुलगा गाडीला वायर जोडतो, पडद्याकडे बघतो आणि ‘सेन्सर बदलावा लागेल’ म्हणतो. त्याच्यासमोर जुना कार्ब्युरेटर ठेवला तर तो आधी वायर कुठे जोडायची ते शोधतो.

मग जुन्या गाडीच्या मालकाने जावं कुठे? तो गावभर जातो. पूर्वी गावगाडा बारा बलुतेदारांवर चालायचा. जुना कार्ब्युरेटरही तसाच चालतो. त्याला न्हावी लागतो, सुतार लागतो, सोनार लागतो, धार लावणारा लागतो, औषधांचा दुकानदार लागतो आणि शेवटी जोशी तर लागतोच लागतो. फरक एवढाच, की या बलुतेदारांना आपण बलुतेदार आहोत याचा पत्ता नसतो.

आमच्या एका मित्राकडे राजदूत ३५० आहे. यामाहाच्या आरडी ३५० ची ही देशी बहीण एस्कॉर्ट्सने १९८३ साली बाजारात आणली. ३४७ सीसी, दोन सिलिंडर, टू-स्ट्रोक. पहिल्या गाड्यांना साडेतीस हॉर्सपॉवर होती. पेट्रोल पिते म्हणून ओरड झाली, तेव्हा कंपनीने ती सत्तावीसवर उतरवली. गाडी थोडी हळू झाली, ओरड तेवढीच राहिली. तर या गाडीला प्रत्येक सिलिंडरचा वेगळा, असे दोन कार्ब्युरेटर आहेत. एक्सलरेटर पिळला की दोघांतले दट्ट्ये, ज्यांना स्लाइड म्हणतात, एकाच क्षणी आणि सारखेच वर उचलले गेले पाहिजेत. एक अर्धा मिलिमीटर आधी उठला की गाडी एका पायाने पळते आणि दुसऱ्याने लंगडते.

यावर आमच्या मेकॅनिक वस्तादांचा उपाय असा, की दोन्ही स्लाइडच्या खाली एकाच मापाच्या ड्रिल बिटांच्या गुळगुळीत बाजू सरकवायच्या, आणि दोन्ही बिटं सारख्याच अडकेपर्यंत केबल फिरवत राहायची. उपाय बिनतोड आहे. अडचण फक्त ‘एकाच मापाच्या दोन’ या शब्दांत आहे. सोसायटीत कपाटाचं काम करणाऱ्या सुताराकडे मित्र तीन मिलिमीटरची दोन बिटं मागायला गेला.

‘‘दोन कशाला? एक चालतंय, एक तुटलंय.’’

‘‘तुटलेलं चालेल. मला मागची बाजूच हवीय.’’

सुताराने रंधा थांबवला. तुटलेलं बिट मागणारं गिऱ्हाईक त्याने आयुष्यात पाहिलं नसावं. त्याने डबा उलटा केला. त्यातून इतकी तुटकी बिटं निघाली, की दोन काय, होंडाच्या चार कार्ब्युरेटरांनाही पुरली असती.

तिथवर पोचायला आधी कार्ब्युरेटरचे स्क्रू निघावे लागतात. हे स्क्रू म्हणजे जपानने जगाशी केलेली थट्टा आहे. दिसायला ते आपल्या नेहमीच्या चौफुली खाचेच्या फिलिप्स स्क्रूसारखे दिसतात, पण असतात जपानी मानकाचे, जेआयएस. डोक्यावर बारीकसा ठिपका असला की समजायचं. त्यांत साधा फिलिप्स ड्रायव्हर घातला तर त्याचं टोक तळाला आधी टेकतं आणि कडा खाचेत नीट बसत नाहीत. जोर लावला की ड्रायव्हर उसळून बाहेर येतो आणि खाचेचा गुळगुळीत खड्डा होतो. मग छिन्नी, मग हातोडी, मग पक्कड, मग शिव्या. भारतात पिढ्यान्‌पिढ्या जपानी गाड्यांचे स्क्रू याच क्रमाने निघत आले आहेत.

वस्तादांना यावरही तोड माहीत होती. फिलिप्सचं टोक किंचित घासून टाकायचं, म्हणजे कडा खाचेत उतरतात. घरात कानस नव्हती, पण सायकलच्या स्टँडवर दगड फिरवणारा धारवाला नेमका गल्लीत ओरडत आला. मित्राने ड्रायव्हर पुढे केला.

‘‘याला धार लावू?’’

‘‘नको. याचं टोक बोथट करा. एवढंसंच.’’

धारवाल्याने पायडल मारायचं थांबवलं. ‘‘साहेब, आपण धार लावायचे पैसे घेतो. बोथट करायचा रेट नाही आपल्याकडं.’’

‘‘धारेचाच रेट घ्या.’’

त्याने ड्रायव्हर दगडाला टेकवला, ठिणग्या उडाल्या, काम क्षणात झालं. पैसे घेताना मात्र त्याने आवाज उतरवून विचारलं, ‘‘घरात काही भांडणं झाली का? सुऱ्या पण आणा मग.’’

एवढं झाल्यावरही वस्ताद कार्ब्युरेटरला हात लावू देत नाहीत. त्यांचं म्हणणं, कार्ब्युरेटरचा दोष पुष्कळदा पॉइंटात असतो. म्हणजे ठिणगी पाडणाऱ्या कॉन्टॅक्ट पॉइंटांतली फट आधी बघा. जावा-येझदीला ही फट ०.४ मिलिमीटर हवी. मोजायला फीलर गेज नावाची पोलादी पानांची जुडी मिळते. ती ज्याच्याकडे असते त्याच्याकडून नेमकं हवं तेच पान तुटलेलं असतं. इथे न्हावी उपयोगी पडतो. दाढीचं दुधारी ब्लेड ०.१ मिलिमीटर जाड असतं. चार ब्लेडं एकावर एक ठेवली की फीलर गेज तयार. आमच्या भागातल्या केशकर्तनालयात जाऊन ‘वापरलेली चालतील’ असं कोणी म्हटलं, तर तिथला कारागीर आता मान वर न करता ‘मिसिंग मारतीय का?’ एवढंच विचारतो.

औषधांच्या दुकानात इतकं सरळ जमत नाही. टाकी काढून ठेवल्यावर इंजिनाला पेट्रोल कुठून द्यायचं हा प्रश्न येतो. त्याला सलाइनच्या सेटइतकं चांगलं उत्तर जगात नाही. बाटली खिडकीच्या गजाला टांगा, नळी कार्ब्युरेटरला जोडा, चाकी फिरवून थेंब सोडा. मी स्वतः त्या वेळी दुकानात मित्राच्या शेजारी उभा होतो, म्हणून संवाद जसाच्या तसा देतो.

‘‘सलाइनचा एक सेट द्या.’’

‘‘पेशंट कुठं ॲडमिट आहे?’’

‘‘घरीच. पार्किंगमध्ये.’’

दुकानदार नुसता बघत राहिला. मग त्याने व्यवसायाला साजेल असा चेहरा केला. ‘‘वय काय?’’

‘‘चाळीस उलटून गेलीय.’’

‘‘त्रास काय होतोय?’’

‘‘सकाळी लवकर उठत नाही. उठली की थरथरते. चढाला धाप लागते.’’

‘‘शुगर तपासली का?’’

‘‘सगळं शुगरचंच झालंय हो,’’ मित्र म्हणाला, आणि त्याचा बांध फुटला.

कारण ते खरंच शुगरचं आहे. पंपावर आता मिळतं ते वीस टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल, आणि इथेनॉलचा बराच भाग येतो उसापासून. आमचा हा मित्र मूळचा सांगलीकडचा, घरचा ऊस कारखान्याला जातो. म्हणजे शेतातून निघालेला ऊस कारखान्यात जाऊन, मळी होऊन, आसवनीतून इथेनॉल होऊन पुन्हा मालकाच्याच गाडीचा घसा धरतो. इथेनॉल हवेतली ओल ओढून घेतं, जुनी रबरं फुगवतं, पूर्वीचा साचलेला मळ सोडवून जेटात नेऊन बसवतं. शिवाय गणितही बिघडवतं. निव्वळ पेट्रोलला वजनाने पावणेपंधरा पट हवा लागायची. या मिश्रणाला साडेतेराच्या आसपास पुरते. जुना कार्ब्युरेटर बिचारा हवा पहिल्याच हिशेबाने सोडतो आणि इंजिन उपाशी राहतं. उसाला भाव मिळाला की मित्र खूश असतो आणि किक मारली की सरकारच्या धोरणावर टीका करतो. दोन्ही मतं त्याच्या मनात गुण्यागोविंदाने नांदतात.

सलाइनची नळी पेट्रोलमध्ये फार टिकत नाही, हेही सांगून ठेवतो. चार दिवसांत ती काडीसारखी कडक होते. पण तिचा दुसरा उपयोग ऐकण्यासारखा आहे. सोसायटीतल्या एका गृहस्थांकडे चार कार्ब्युरेटरांची जुनी होंडा आहे. १९६९ साली आलेल्या सीबी ७५० पासून ही चार-चारची हौस सुरू झाली. चौघांची ओढ सारखी आहे की नाही हे बघायला परदेशात पाऱ्याचे चार स्तंभ असलेलं यंत्र मिळतं. आपल्याकडे सलाइनची नळी लाकडी फुटपट्टीवर यू आकारात चिकटवतात, तळाशी इंजिन ऑइल भरतात आणि दोन टोकं दोन कार्ब्युरेटरांच्या निपलांना लावतात. ओढ सारखी असेल तर दोन्ही बाजूंचं तेल एका पातळीवर थांबतं. नसेल तर जास्त ओढणारी बाजू तेल वर खेचते. आणि फारच नसेल, तर ती बाजू सगळं तेल पिऊन टाकते.

त्या गृहस्थांच्या होंडाने तेच केलं. सायलेन्सरमधून जो पांढरा धूर सुटला, त्याने बी विंग दिसेनाशी झाली. लोकांनी भराभर खिडक्या लावून घेतल्या. तिसऱ्या मजल्यावरून एक आजोबा ओरडले, ‘‘जिन्याखाली पण मारा, तिथे डास जास्त आहेत.’’ सोसायटीच्या ग्रुपवर संध्याकाळी महापालिकेचे आभार मानणारा मेसेज आला. तो अजून कोणी खोडलेला नाही.

जेट साफ करणं हा वेगळाच अध्याय आहे. स्लोला गाडी धरून ठेवणारा जो पायलट जेट, त्याचं भोक पाव मिलिमीटरच्या आसपास असतं. डोळ्याला लावून उजेडाकडे धरलं तर पलीकडे चांदणी दिसायला हवी. ती दिसली नाही की मालक घरातली प्रत्येक टोकदार वस्तू त्यात घालून बघतो. टाचणी जाड पडते. खराट्याची हीर आत मोडते. एका मिरजकराने तर सतारीची तार आणली होती. मिरजेत सतारी-तंबोऱ्यांच्या कारखानदारांची अख्खी गल्ली आहे, तिथून चिकारीची बारीक तार मिळवणं त्याला जड गेलं नाही. तार अलगद आत गेली, कचरा निघाला, सगळ्यांनी वाहवा केली. वस्ताद मात्र गप्प होते. पोलादी तार, पितळी जेट. चार वेळा आत-बाहेर केली की भोक मोठं होतं, आणि मोठं झालेलं भोक लहान करायचं हत्यार अजून कोणी काढलेलं नाही. वस्ताद विजेच्या वायरीतला तांब्याचा एक बारीक धागा वापरतात. त्याने जेटाला ओरखडा येत नाही, फक्त वायर कोणत्या टेबललॅम्पची होती यावरून घरात चर्चा होते.

आतल्या गल्लीबोळांपर्यंत सफाई करायची तर अल्ट्रासॉनिक टब लागतो. तो चष्मेवाल्याकडे असतो आणि सराफाकडे असतो. चष्मेवाल्याचा फार छोटा, म्हणून मित्र ओळखीच्या सराफाकडे गेला. दुपारची वेळ, दुकान मोकळं. मित्राने रुमाल उलगडून दोन मेन जेट, दोन पायलट जेट आणि दोन सुया मखमलीच्या ट्रेवर मांडल्या. सराफांनी सवयीने भिंग डोळ्याला लावलं, जेट चिमट्यात धरून फिरवला, त्यावरचा ठोकलेला आकडा वाचला.

‘‘नंबर आहे. पण हा टंच कुठला म्हणायचा?’’

‘‘पितळ आहे, काका.’’

‘‘ते दिसतंय. पण काम फार नाजूक आहे. कोणी घडवलंय?’’

जपानमध्ये घडवलंय म्हटल्यावर त्यांनी मान हलवली आणि जेट टबात सोडले. टब गुणगुणायला लागला, पाणी गढूळ झालं. तेवढ्यात मंगळसूत्र दाखवायला आलेल्या दोघी शेजारी बसल्या. पाण्यातून निघालेले झगझगीत जेट बघून त्यांतली एक दुसरीला म्हणाली, ‘‘हे कानातलं नवीन आलेलं दिसतंय.’’ सराफांनी मजुरी घेतली नाही. आमच्या वडिलांकडे जावा होती, एवढंच म्हणाले आणि नंतर अर्धा तास किक आणि गिअरला एकच दांडा कसा असायचा हे हातवारे करून सांगत बसले.

दुसऱ्याच्या धंद्यातलं उचलण्याची ही सवय कार्ब्युरेटरला जन्मापासूनची आहे. हंगेरीत अशी गोष्ट सांगतात की दोनात बांकी आणि यानोश चोंका हे दोघे इंजिनावर काम करत होते, पण पेट्रोल हवेत मिसळायचं कसं ते जमत नव्हतं. बुडापेस्टच्या रस्त्यावर त्यांना एक फुलवाली दिसली. ती नळीने फुंकर मारून फुलांवर पाण्याचा बारीक फवारा उडवत होती. दोघांना युक्ती सापडली. गोष्ट खरी-खोटी देव जाणे, पण १८९३ साली त्यांनी पेटंटाचा अर्ज केला हे खरं आहे, आणि त्याच वर्षी जर्मनीत मायबाखनेही तशीच सोय केली. आपल्याकडे इस्त्रीवाले शर्टावर तोंडाने असाच फवारा मारायचे. त्यांच्याकडे बघून पेटंट घ्यावं असं कोणाला वाटलं नाही. शर्ट वेळेत मिळेल का, एवढंच सगळे विचारत राहिले.

ब्रिटिश गाडीवाल्यांचं दुःख याहून निराळं. त्यांना व्हिटवर्थ मापाचे पान्हे लागतात आणि ते शोधायला पुण्याच्या मंगळवार पेठेतल्या जुन्या बाजारात बुधवारी किंवा रविवारी जावं लागतं. या पान्ह्यांवरचा आकडा पान्ह्याच्या जबड्याचा नसतोच, तो बोल्टच्या दांडीच्या जाडीचा असतो. त्यामुळे पाव इंच लिहिलेल्या पान्ह्याचा जबडा अर्ध्या इंचाहून मोठा निघतो. ज्याला हे ठाऊक नाही तो पान्हा खाली ठेवून पुढे जातो. ज्याला ठाऊक आहे त्याचे डोळे चमकतात, आणि विक्रेता पान्ह्याकडे नाही, डोळ्यांकडे बघत असतो. तिथे भाव डोळ्यांवर ठरतो. आमचे बुलेटवाले मित्र म्हणूनच जुन्या बाजारात काळा चष्मा लावून जातात आणि आधी शेजारची सांडशी हातात घेतात.

सगळं झालं की प्लग काढून बघायचा. हे जोशीबुवांचं काम. चॉकलेटी रंग असेल तर पत्रिका उत्तम. काळाकुट्ट असेल तर पेट्रोल जास्त, खर्चाचे योग. पांढराफटक असेल तर हवा जास्त, डोकं तापट, पिस्टनला धोका. वस्ताद प्लग हातात घेऊन इतका वेळ गप्प राहतात की मालकाला घाम फुटतो. मग ‘‘हवेचा स्क्रू दीड आटा बाहेर’’ असा शांतीचा विधी सांगतात.

राजदूत अशी पुण्यात एकदाची जुळली, म्हणून रविवारी आम्ही पाचगणीला निघालो. वाईपर्यंत गाडी छान गेली. पसरणी घाटात वरच्या वळणांवर ती जड आवाज काढायला लागली, धूर वाढला, टेबललँडच्या पायथ्याशी स्लोला थांबेना. यात कोणाचा दोष नव्हता. पुणं साडेपाचशे मीटरवर, पाचगणी तेराशेच्या आसपास. हजार मीटरला हवा साधारण दहा टक्के विरळ होते, पेट्रोल मात्र येतं तेवढंच येतं. गाडी बाजूला घेतली. हेल्मेट काढेपर्यंत चार माणसं जमली आणि त्यातल्या प्रत्येकाने वेगवेगळ्या शब्दांत ‘पेट्रोल आहे का बघा’ असं सुचवलं.

वस्ताद म्हणाले, हवेचा स्क्रू अर्धा आटा अजून सोडायचा. ड्रायव्हर पुण्याला राहिला होता. पर्यटकांच्या गाडीपाशी मुलांना मका सोलून देत एक काकू उभ्या होत्या. मित्राने त्यांच्याकडे नेलकटर मागितला. त्याची आतली पट्टी खाचेत बरोबर बसली, अर्धा आटा फिरला आणि गाडी स्लोला थांबली. मधल्या रेसला मात्र अजून घुटमळत होती. म्हणजे आता सुईची क्लिप एक खाच वर घ्यायला हवी होती. ती क्लिप तांदळाच्या दाण्याएवढी असते आणि बोटांनी निघत नाही.

मित्राने नेलकटर रुमालाने पुसून परत केला. काकूंनी तो नाकाजवळ नेला, लांब धरला आणि म्हणाल्या, ‘‘राहू दे रे बाबा, तुलाच ठेव.’’

‘‘थँक्यू काकू,’’ मित्र म्हणाला. ‘‘भुवयांचा चिमटा असेल का हो?’’